आधी चूक, मग चहा

अहो, काकडी काल घरी आली. तेरा दिवस ती डोळ्यांच्या डॉक्टरांच्या आवारात उभी होती. त्या दिवशी तिच्यात पुन्हा बसायचं मला धैर्य झालं नाही, आणि नंतर घरात इतकी माणसं होती की गाडीची आठवण कोणालाच राहिली नाही. शेवटी तुमच्या अंबडच्या कारखान्यातले पगारे स्वतःहून गेले आणि घेऊन आले. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "बाई, मागच्या सीटवर साहेबांचा नकाशा तसाच हाय. मी हात लावला नाय."

पाहिला मी. उलटा दुमडलेला, एक कोपरा बाहेर आलेला. ज्या माणसाने ढगांतून विमानाला वाट दाखवली, त्याला एक कागद मूळच्या घडीवर मिटता येऊ नये, हे मला पन्नास वर्षांत कधी पटलं नाही. मी तो नीट करायला उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला. राहू दे.

गाडीचं नावही तुमचंच. युद्धात तुमच्या विमानाच्या अंगावर इंग्रजी 'के' रंगवलेला होता आणि तळावर सगळे त्याला 'के फॉर किंग' म्हणायचे. आपण ही फिकट हिरवी गाडी घेतली तेव्हा तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, चारही चाकांना एकेक लाथ घातलीत आणि म्हणालात, "राजे संपले आता. ही के फॉर काकडी."

श्री ह्यूस्टनहून आला, सगळं रीतसर करून परवा परत गेला. सून आणि मुलं येऊ शकली नाहीत. शाळा, व्हिसा, तिकिटं, तुम्हाला ठाऊकच आहे. रामकुंडावर गुरुजींनी श्रीला दक्षिणेकडे तोंड करायला सांगितलं, तर तो इकडे बघ, तिकडे बघ. मग आम्ही दोघंही एकदमच मागे वळलो, तुम्हाला विचारायला. क्षणभरच. मला हसू आलं, मग त्यालाही आलं, आणि गुरुजी बिचारे आमच्याकडे बघत राहिले. तुम्ही असता तर "एकशे ऐंशी अंश" म्हणून मोकळे झाला असता.

श्रीने वर्तमानपत्रात छोटी चौकट दिली होती. शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, सगळं आलं. 'दुसऱ्या महायुद्धातील शूर वैमानिक' असंही आलं. ते वाचलं आणि तुमचा आवाज कानात ऐकू आला, "वैमानिक नाही हो, मागच्या सीटवरचा माणूस!"

हे मी मुलांसाठी लिहिते आहे, म्हणून तेही सांगून टाकते. तुमचं विमान बॉम्ब टाकणारं, दोन माणसांचं. पुढे पायलट, मागे तुम्ही. मार्ग काढायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, पायलटला दिशा सांगायची आणि मागून कोणी आलं तर बंदूक चालवायची. तुमची खुर्ची फिरती होती. जाताना पुढे तोंड, बॉम्ब टाकायच्या वेळी मागे. "पायलटला जे व्हायचंय ते दिसतं," तुम्ही म्हणायचात, "मला झालेलं दिसायचं."

गाडीतही तुम्ही मागेच बसलात. स्टीअरिंगला हात लावला नाहीत. गाडी मी शिकले, मीच चालवली, आणि मागून तुमच्या सूचना. "डावीकडे दहा अंश."

"अहो, इथे दहा अंश वळले तर मी त्या पानाच्या टपरीत जाईन. चौक आहे हा!"

"मग नव्वद. पण सावकाश."

पंचवटीत एकदा हवालदाराने गाडी थांबवली, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीशी वाकून तुम्हाला विचारलं, "साहेब, ड्रायव्हर बाई ठेवल्या का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी नाही ठेवलं. यांनी मला ठेवलंय." तो इतका गोंधळला की लायसन्स मागायचंच विसरला.

प्रत्येक प्रवासाची नोंद तुमच्या निळ्या वहीत. निघालो किती वाजता, पोहोचण्याचा अंदाज काय, प्रत्यक्ष पोहोचलो केव्हा. आणि घरी आलं की तुमचा तो नियम. चहा लगेच नाही. आधी प्रत्येकाने त्या दिवशीची स्वतःची एक चूक सांगायची. स्वतःचीच, दुसऱ्याची नाही. आणि वाक्यात 'पण' चालणार नाही. चूक सांगून झाली की मग कप हातात.

लग्न झालं तेव्हा मला वाटलं, मी शिक्षिका, मला हे सोपं जाईल. पहिल्याच दिवशी कळलं की लाल पेनाने चुका शोधायची सवय मला होती खरी, त्या सगळ्या इतरांच्या होत्या. "मी भाजीत मीठ जास्त घातलं, पण तुमच्या आईने..." एवढ्यावर तुम्ही माझा कप स्वतःकडे ओढून घेतलात.

कारखान्यातही तुम्ही तेच सुरू केलंत, हे मला पगाऱ्यांकडून आत्ता कळलं. भेटायला आले तेव्हा रडायचं सोडून ते हसतच होते. "बाई, आमच्या तपासणी खात्यात साहेब आले त्या दिवशी पहिली चूक त्यांनी स्वतःची सांगितली. मोजमापाचं यंत्र उलटं धरलं व्हतं म्हने. मंग आम्हाला कसली लाज? दुसऱ्या खात्यातले आम्हाला चिडवायचे, 'काय रे चहावाले, आज काय चुकलं?' पन आमच्याकडून वाईट माल कधी बाहेर गेला नाय." तुम्ही घरी यातलं अक्षर बोलला नाहीत.

आता निफाडच्या त्या दिवसाकडे येते. गेल्या डिसेंबरात श्री सगळ्यांना घेऊन आला होता. तो आणि सून मुंबईला तिच्या माहेरी गेले, आणि मृण्मयी, ईशान आपल्याकडे. बारा वर्षांची ती आणि आठ वर्षांचा तो. आपण त्यांना चांदवडला देवीला नेलं आणि परतताना निफाडला माझ्या भावाच्या मळ्यावर जायचं ठरलं. मी म्हटलं, आलो त्याच मोठ्या रस्त्याने जाऊ. तुम्ही नकाशा पसरलात. "लासलगाववरून जाऊ. नऊ किलोमीटर वाचतात."

वाचले असते. लाल कांद्याचा हंगाम होता, बाजार समितीच्या बाहेर ट्रॅक्टरांची रांग दीड कोस लागलेली, आणि काकडी त्या रांगेच्या बरोबर मध्ये. पुढे कांदा, मागे कांदा, वर धूळ. तासाभराने मी खिडकीतून शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "दादा, अजून किती वेळ?"

"लिलाव सुरू हाय आजी. दोन तास तरी हालत नाय काई. तुम्ही हिकडं कशाला घातली गाडी?"

मी अंगठ्याने मागे दाखवलं. "यांना विचारा. नकाशा त्यांच्याकडे आहे."

तो वाकून तुमच्याकडे बघत म्हणाला, "बाबा, नकाशावर कांदे दिसत नाय का?"

मुलं हसून हसून सीटवरून खाली घसरली. तुम्हीही. मग त्याने ईशानला ट्रॅक्टरवर बसवलं, मृण्मयीला भाकरी आणि ठेचा दिला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिने सगळा संपवला. निफाडला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, थंडी पडू लागली होती. द्राक्षं अजून आंबटढाण होती, ती मुलांनी तरीही खाल्ली. मळ्यातल्या ओट्यावर भावजयीने चहा आणला आणि तुम्ही हात वर केलात.

ईशान म्हणाला, "मी एक कांदा फेकला. एका काकांना लागला."

मी म्हणाले, "मी तुमचं ऐकलं." तुम्ही म्हणालात, "ही तुझी चूक नाही, माझीच आहे, वेश बदलून आलेली. दुसरी सांग." मग मी कबूल केलं की रांगेत मी पुढच्याला उगाच हॉर्न वाजवत होते.

तुम्ही म्हणालात, "मी कांद्याचा हंगाम विसरलो."

मृण्मयीची पाळी आली तेव्हा तिने आधी आपली चूक सांगितली, आपली डायरी ईशानने वाचू नये म्हणून त्याला खोटं सांगितलं होतं तिने. आणि मग कप हातात घेऊन सहज विचारलं, "आबा, युद्धातली तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "सांगतो," म्हणालात.

आणि मी म्हणाले, "अहो, मुलं दमली आहेत. चहा गार होतोय, घ्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. मग कप उचललात आणि प्यायलात. एवढ्या वर्षांत उत्तर बाकी ठेवून तुम्ही चहा घेतलात तो तेवढाच, असं मला वाटलं होतं. तो दुसरा होता, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पहिल्याबद्दल तुम्हीच मला सांगितलं होतंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आपण मटार सोलायला बसलो तेव्हा वाद सुरू झाला. "तिने विचारलंय," तुम्ही म्हणालात.

"ती बारा वर्षांची आहे."

"तिथेही बारा वर्षांची मुलं असतील."

"म्हणून तर म्हणते, नको. मोठी होऊ देत. तिकडे शाळेत जाऊन सांगतील, आमच्या आजोबांनी..."

"खरंच सांगतील की." तुम्ही एक शेंग फोडलीत, दाणे माझ्या भांड्यात टाकलेत. "हे बघ, मी गेलो की लोक मला शूर म्हणणार. तिला तेवढंच कळणार. खरं तुला एकटीला माहीत. ते तू एकटीने कशाला धरून बसायचं?"

मी म्हणाले, "मला काही जड होत नाही." त्यावर तुम्ही, "मला होतं," एवढंच बोललात आणि मटार कच्चेच खायला लागलात, जे तुम्ही मला चिडवायला नेहमी करायचात.

मुलं गेली. वाद राहिला. दर दोन-चार आठवड्यांनी तो निघायचा, कधी वर्तमानपत्र वाचताना, कधी कुंड्यांना पाणी घालताना. आपण भांडत होतो असं म्हणता येणार नाही. तुम्ही एक वाक्य टाकायचात, मी एक, आणि मग दुसऱ्या कामाला लागायचो. मला वाटत होतं, वेळ भरपूर आहे. शिक्षिकेला नेहमी वाटतं की पोर्शन पुढच्या वर्षी पूर्ण होईल.

त्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो. तुम्हाला नकाशावरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती आणि तेवढंच तुम्हाला सहन होत नव्हतं. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "आज घरी गेलो की मृण्मयीला पत्र लिहितो. सगळं."

मी म्हणाले, "लिहा. टाकण्याआधी मी वाचणार. लाल पेन घेऊन."

तुम्ही मोठ्याने हसलात. मला आरशात दिसलात. मग म्हणालात, "पुढच्या चौकात डावीकडे. ऐक माझं, तीन मिनिटं वाचतील."

त्या गल्लीवरूनही आपला जुना वाद होता. मी नेहमी सरळ जायचे. त्या दिवशी का कोण जाणे, वळले. वळल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद मनातल्या मनात घेताय. आवारात गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "पोहोचलो बरं का. लिहा वहीत." वही तुमच्या मांडीवर होती, पेन बोटांत होतं. डॉक्टर धावत बाहेर आले, बरीच खटपट केली त्यांनी. हृदय, म्हणाले. त्रास झाला नसणार, म्हणाले. मी त्यांचं ऐकलं, कारण आरशात शेवटचं पाहिलं ते हसताना.

म्हणजे पत्र लिहायचं राहिलं. ते आता मी लिहिते. श्री, हे मुलांना वाचून दाखव, एक ओळही न गाळता. इंग्रजी मला येतं, आयुष्यभर तेच शिकवलं. त्यात लिहिलं असतं तर मी सगळं नीटनेटकं करून टाकलं असतं. ह्यांनी मला हे मराठीत सांगितलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, मी विचारलं म्हणून की हा चहाचा काय हट्ट आहे. तर तसंच.

ब्रह्मदेशाच्या डोंगरांत एका नदीच्या वळणावर पूल होता. तो उडवायचा होता. तीन विमानं गेली, तुमचं सर्वांत पुढे. तुम्ही वाट दाखवाल तिकडे बाकीची दोन येणार. खाली धुकं होतं. वारा निघतानाचा आणि वाटेतला वेगळा होता. तुम्ही गणित पुन्हा करायला हवं होतं, केलं नाहीत. नदीचं वळण दिसलं, तसंच, त्याच आकाराचं. पायलटने विचारलं, "हेच ना?" तुम्ही म्हणालात, "हेच."

विमान खाली झेपावलं. तुम्ही खुर्ची मागे फिरवलेली. वर येताना धुकं फाटलं आणि तुम्हाला दिसलं ते फक्त तुम्हालाच दिसलं, कारण पायलट पुढे बघत होता आणि मागची दोन विमानं अजून धुक्यात होती. तिथे पूल नव्हता. घरं होती. अंगणात चटयांवर भात वाळत घातलेला होता, त्यावरून माणसं धावत होती. मग धूर आला.

तळावर उतरलात. अशा वेळी अधिकारी टेबलाशी बसून एकेकाला विचारायचे, काय पाहिलं, आणि सोबत चहा मिळायचा. पायलटने सांगितलं, बॉम्ब बरोबर पडले. अधिकाऱ्याने तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या हातात कप होता. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "हो." दुसऱ्या दिवशी फोटो आले, त्यात पूल शाबूत होता, पुन्हा विमानं गेली, या वेळी तो पडला. आदल्या दिवशीचे बॉम्ब कुठे गेले, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. पायलटलासुद्धा नाही. त्या गावाचं नाव, तिथे किती माणसं होती, त्यांचं काय झालं, तुम्हाला कधीच कळलं नाही.

मृण्मयी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आबांनी ते द्यायला कप खाली ठेवला होता. चुकीचं गाव दाखवलं ही त्यांची एक चूक. गप्प बसून चहा प्यायले ही त्यांच्या मते त्याहून मोठी. पहिली ते कधी दुरुस्त करू शकले नाहीत. दुसरीसाठी त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य रोज संध्याकाळी थोडं थोडं काम केलं, आणि ते करताना आपल्याला इतकं हसवलं की ते काम आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुला याचा राग येईल, वाईट वाटेल. वाटू दे. मला फोन कर, ईशानलाही करू दे. काहीही विचारा, मी चहा घ्या म्हणणार नाही.

अहो, हे लिहून मी पुन्हा वाचलं नाही. लाल पेन टेबलाच्या खणात आहे, खण बंद आहे.

आणखी एक काम केलं. तुमची निळी वही उघडली. शेवटच्या पानावर तुमचं अक्षर आहे: निघालो दहा चाळीस, अंदाज अकरा. पुढचा रकाना रिकामा. डॉक्टरांच्या आवारात मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. लिहून ठेवलं: पोहोचलो दहा सत्तावन्न. डावीकडे वळल्याने तीन मिनिटं वाचली. तुमचं बरोबर होतं. हे तुमच्या हयातीत लिहून मिळालं असतं तर तुम्ही चौकट करून भिंतीवर लावलं असतंत.

सकाळपासून लिहायला बसले होते, आता साडेचार वाजले. आधण उकळलं आहे, गॅस बारीक करून आले. प्रवास संपल्यावर सांगायचं असतं, म्हणून सांगते. निफाडच्या ओट्यावर मी तुम्हाला बोलू दिलं नाही.

एवढंच. आता चहा घेते.